करजगी सरांच्या घरातलं इंग्रजी

बाळीवेशीतल्या भांड्यांच्या दुकानाशेजारी एक अरुंद जिना होता. संध्याकाळी त्या जिन्यावर चपलांचा असा ढीग पडायचा की दुकानदाराचं गिऱ्हाईक आत जायला वाट शोधायचं. दुकानदार रोज ओरडायचा आणि गुरुशांत करजगी सर रोज खाली येऊन, हात जोडून त्याची समजूत काढायचे. वर त्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. सोलापुरातली किती पोरं त्या जिन्यावरून चढून पुढं पुण्याला, हैदराबादला नोकरीला लागली, त्याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही.

मी रामहरी. मूळचा मंगळवेढ्याचा. करजगी सर ज्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, त्याच शाळेत मी मराठी शिकवायचो. आम्ही एकाच वर्षी लागलो आणि मागं-पुढं निवृत्त झालो. त्यांच्या घरी माझं जाणं-येणं होतं, म्हणून जे झालं ते थोडंफार मला माहीत आहे. बाकीचं त्यांनीच मला सांगितलं.

त्यांचं घर कानडी. शाळेची पहिली चार वर्षंही कानडीतच झालेली, अक्कलकोटकडच्या एका गावात. मग सोलापूरला आले तेव्हा मराठी शाळा, आणि पाचवीपासून इंग्रजी. कानडी घरातल्या माणसाच्या तोंडात इंग्रजी शब्दाच्या शेवटी एक उकार येऊन बसतो. बस म्हणायचं तर बस्सु, बुक म्हणायचं तर बुक्कु. त्यात वाईट काही नाही, ती जिभेची सवय. पण बी.ए. झाल्यावर करजगी सर पुण्याला एका कंपनीत मुलाखतीला गेले होते. समोर तीन साहेब. त्यांनी विचारलं, सोलापूरहून कसे आलात? हे म्हणाले, "आय केम बाय बस्सु, सर."

त्यातला एकजण "बस्सु?" म्हणाला आणि हसला. बाकीच्या दोघांनी कागद तोंडासमोर धरले. त्यानंतर काय विचारलं आणि यांनी काय सांगितलं, यांना काही आठवत नाही. एवढंच आठवतं की बाहेर येऊन ते एका भिंतीला टेकून उभे राहिले आणि तोंडातल्या तोंडात बस, बस, बस असं म्हणत राहिले.

ही गोष्ट त्यांनी मला वेळापूरला सांगितली. आम्हाला दोघांना तिथं निवडणुकीची ड्यूटी लागली होती आणि दुपारी मतदानाला कुणी फिरकत नव्हतं. सांगताना ते हसत होते. पण सांगून झाल्यावर त्यांनी शाईची बाटली विनाकारण इकडून तिकडं ठेवली आणि उठून बाहेर गेले.

त्या मुलाखतीनंतर त्यांनी इंग्रजीचा ध्यासच घेतला. रेडिओवरच्या बातम्या ऐकून आरशासमोर तसंच म्हणायचे. सकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बाकावर बसून इंग्रजी पेपर मोठ्यानं वाचायचे. लोक वेड्याकडं बघावं तसे बघायचे, यांना त्याचं काही नाही. दोन-तीन वर्षांत तो उकार गेला. इतका गेला की पुढं त्यांचं इंग्रजी ऐकून कुणाला हा माणूस कानडी घरातला आहे असं वाटायचं नाही.

शिकवायचे मात्र फार गोड. एकदा मी त्यांच्या क्लासमध्ये मागं जाऊन बसलो होतो. अशोक चौकातल्या विणकराच्या घरची एक पोरगी होती, घरात तेलुगू. तिनं 'एम' म्हणायच्या जागी 'यम' म्हटलं आणि चार पोरं खिदळली. सरांनी त्या पोरांना काही म्हटलं नाही. स्वतःच फळ्यासमोर उभं राहून इंग्रजीचं एक वाक्य तीन तऱ्हांनी चुकीचं बोलून दाखवलं. सगळा क्लास त्यांच्यावर हसला, ती पोरगीपण हसली. मग म्हणाले, "झालं हसून? आता चुका. माझ्याकडं चुकायचेच पैसे देताय तुम्ही." पोरं चुकायला लागली आणि बोलायलाही लागली.

घरात मात्र हे सर वेगळे होते.

त्यांच्या बायकोचं नाव काशम्मा. मी वहिनी म्हणायचो. अक्कलकोटच्या पलीकडं, सीमेला लागून असलेल्या गावची बाई. लई बोलकी. कानडीत बोलायला लागली की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून बसायच्या. मला कानडी येत नाही, पण त्या सांगतायत काय आणि बायका हसतायत का, हे हातांवरून कळायचं. म्हैस हरवली तर म्हैस व्हायच्या, सासू रागावली तर सासू व्हायच्या. मराठी त्यांना यायचं ते बाजारातलं. भाजीचा भाव करायला, गॅसवाल्याशी भांडायला पुरेल एवढं.

लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. मग मुलगी झाली. सिद्धेश्वराच्या यात्रेत देवाच्या लग्नाच्या अक्षता पडतात, त्या दिवसांत झाली म्हणून नाव अक्षता ठेवलं. पोरगी बोलायला लागली, तेव्हा तिनं पहिला शब्द काढला तो 'अव्वा'. अव्वा म्हणजे आई. काशम्मावहिनींनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच सरांनी त्यांना समोर बसवलं. हे बोलणं मला पुढं सरांनीच सांगितलं.

"आजपासून हिच्याशी कानडी बोलायचं नाही."

"मग काय बोलू?"

"मी इंग्रजी बोलेन. तू मराठीत बोल, कामापुरतं. ये, जेव, झोप. एवढं पुरे."

"आई लेकराशी कामापुरतं बोलती व्हय?"

"थोडी वर्षं, काशी. एकदा तिची जीभ वळली की मग बोल की हवं तेवढं. माझ्यावर हसले तसं हिच्यावर कुणी हसायला नको."

काशम्मावहिनींना पुण्याची गोष्ट माहीत होती. नवऱ्याला अजून ते लागतं, हेही माहीत होतं. शिवाय शिकलेला माणूस, आख्खं सोलापूर त्यांच्याकडं शिकायला येतं, त्यांना कळत असणारच. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी 'अव्वा' म्हणाली की सर तिथल्या तिथं म्हणायचे, "नो. मम्मी." महिन्याभरात अव्वा हा शब्द घरातून गेला.

आणि ती बोलकी बाई आपल्या पोरीपुढं मुकी झाली. मी पाहिलंय म्हणून सांगतो. ताट वाढून ताटाच्या कडेवर बोटानं टकटक करायच्या, म्हणजे जेव. वेणी घालायची असली की फणी दाखवायच्या. अक्षता शेजारच्या पोरींत खेळून मराठी शिकली, ते काही कुणाला अडवता येत नाही. पण आईशी ती मराठीत बोलायला लागली, की आईचं मराठी दोन वाक्यांत संपून जायचं. गल्लीतल्या बायकांत बसून काशम्मावहिनी कानडीत रंगल्या असल्या आणि अक्षता शाळेतून आली, की त्या मधेच थांबायच्या. बायका विचारायच्या, पुढं काय झालं? त्या म्हणायच्या, नंतर.

थोडी वर्षं म्हणता म्हणता पोरगी चौथीत गेली. एका रविवारी मी पेपर तपासायचे म्हणून त्यांच्याकडं गेलो होतो. काशम्मावहिनींनी आमच्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमच्या मित्राला सांगा की. मला बी इंग्रजी शिकवा म्हणावं. सगळ्या गावाला शिकवत्यात."

सर हसले. "काय करणार शिकून?"

"पोरगी शाळेतनं आली की विचारायचं असतंय. डब्यात काय आवडलं, कोण काय म्हणालं. मराठीत विचारलं तर शाळेतलं ती इंग्रजीतच सांगती. मला कळत न्हाय."

"बरं, बस," सर म्हणाले. त्या खरंच बसल्या. पदर सारखा करून, मांडी घालून, क्लासमधल्या पोरीसारख्या. सरांनी एक सोपा प्रश्न सांगितला, "हाउ वॉज स्कूल टुडे?" काशम्मावहिनींनी ओठ हलवून आधी मनात म्हणून पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाल्या. शेवटी 'स्कूलु' आलं, 'टुडेऽ' आलं.

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. रागावले नाहीत ते, रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात हलवला. "राहू दे. तुला कुठं नोकरीला जायचंय?"

काशम्मावहिनी उठल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कितीतरी वर्षांनी सर मला म्हणाले, "रामहरी सर, आयुष्यात इतकी माणसं माझ्याकडं शिकायला आली. मी एकालाच परत पाठवलं."

अक्षता मात्र सरांना हवी तशी झाली. वक्तृत्वाच्या स्पर्धांत इंग्रजीचं पहिलं बक्षीस तिचंच. बक्षीस समारंभाला काशम्मावहिनी इरकल साडी नेसून पहिल्या रांगेत बसायच्या आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले की वाजवायच्या. सर मात्र टाळ्या वाजवायचे नाहीत, डोळे मिटून ऐकत बसायचे. त्यांना पोरीच्या बोलण्यात एकही उकार सापडला नाही.

शिकून ती नोकरीला लागली ती नेमकी बेंगळूरला. मोठ्या कंपनीत, नव्यानं आलेल्या पोरांना परदेशी गिऱ्हाइकांशी कसं बोलायचं ते शिकवायचं काम. आडनाव करजगी म्हटल्यावर तिथला प्रत्येकजण तिच्याशी कानडीत सुरू करायचा. रिक्षावाला, भाजीवाली, घरमालकीण. त्या सगळ्यांना सांगायला ती एक वाक्य शिकली, "कन्नड गोत्तिल्ल." म्हणजे कन्नड येत नाही. फोनवर तिनं हे सरांना गंमत म्हणून सांगितलं. सर मला सांगताना हसले. मला हसू आलं नाही, पण मी काही बोललोही नाही. त्यांच्या घरातली गोष्ट.

सर निवृत्त झाले, क्लास चालूच होता. मग एका सकाळी भाकरी थापता थापता काशम्मावहिनींचा उजवा हात थांबला. सरांना वाटलं दमल्या असतील. बघतात तर तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजाऱ्याच्या रिक्षातून त्यांना सात रस्त्याकडच्या एका दवाखान्यात नेलं. मी दुपारी पोचलो तेव्हा त्या शुद्धीवर होत्या.

नर्सनं मराठीत विचारलं, "आजी, दुखतंय का कुठं?" काशम्मावहिनी तिच्याकडं अशा बघत राहिल्या, जसं कुणी परमुलखातलं माणूस बोलतंय. मी "वहिनी" म्हणालो. ओळखलं त्यांनी, डोळ्यांत दिसलं. पण मी पुढं जे बोललो त्यातलं काही त्यांना कळलं नाही. मग सर कानडीत बोलले आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं. अडखळत, पण नीट.

डॉक्टर तरुण बाई होती. तिनं सरांना समजावलं की मेंदूला असा मार बसला की कधी कधी नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि लहानपणची राहते. काही जणांची परत येते, काहींची नाही. सर ऐकत होते. मला वाटतं, तिथंच त्यांना पुढचं सगळं दिसलं. कारण ते एकदम म्हणाले, "उद्या अक्षता येतेय."

अक्षता दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. बॅग दाराशीच टाकून आईजवळ बसली. आईनं डाव्या हातानं तिचा चेहरा चाचपला आणि बोलायला लागली.

काय बोलत होती, मला कळत नव्हतं. पण किती बोलत होती ते सांगतो. पोरगी जवळ आली की जी बाई गप्प व्हायची, ती थांबेना. मराठीच उरलं नव्हतं, कामापुरतं बोलायला दुसरं काही राहिलंच नव्हतं. शब्द अडला की पुन्हा मागं जाऊन तिथून सुरू करायच्या. मधे एकदा हसल्यादेखील. अक्षता त्यांच्या तोंडाकडं बघत होती, मग बापाकडं, मग पुन्हा आईकडं.

"डॅडी, व्हॉट इज शी सेइंग?"

सर पलंगाच्या पायाशी उभे होते. म्हणाले, "शी इज हॅपी दॅट यू केम."

काशम्मावहिनी पुढं बोलतच होत्या. अक्षतानं आईचा हात दोन्ही हातांत धरला. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तिच्याकडं त्या भाषेतलं एकच वाक्य होतं. तेच ती म्हणाली. "मम्मी... कन्नड गोत्तिल्ल."

काशम्मावहिनी थांबल्या. पोरीच्या तोंडून कानडी. वाक्य काय आहे, ते त्यांना कळलंच असणार. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. मग डोळे भरून आले आणि त्या हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "निन्न जोडी ना माताडलिल्ल. सिट्टु माडब्याड, कूस."

अक्षतानं बापाकडं पाहिलं. "डॅडी?"

सरांचे ओठ हलले. मी त्यांना शेकडो वर्गांसमोर बोलताना पाहिलंय, शब्दासाठी थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग ते म्हणाले, "शी सेज यू लुक टायर्ड. टेक रेस्ट."

अक्षतानं मान हलवली आणि आईला इंग्रजीत म्हणाली की मी ठीक आहे, तू काळजी करू नकोस. आईनं मान हलवली. दोघीही मान हलवत राहिल्या.

चार-पाच दिवसांनी दुसरा झटका आला आणि काशम्मावहिनी गेल्या.

माती दिल्यावर घरी माणसं येत-जात होती. गावाकडून काशम्मावहिनींची थोरली बहीण ईरम्मा आली होती. म्हातारी दारात बसून कानडीत रडायची आणि अक्षता तिच्याजवळ पाणी ठेवून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली तशी अक्षता बाहेरच्या खोलीत आली. सर आणि मी बसलो होतो. मी उठायला लागलो तर सरांनी माझा हात धरला.

ती इंग्रजीतच बोलली. म्हणाली, त्या दिवशी मम्मी इतका वेळ बोलत होती आणि तुम्ही मला दोन ओळी सांगितल्या. ती नक्की काय म्हणाली?

सरांनी इंग्रजीत सुरुवात केली. "शी सेड..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "शी सेड" म्हणाले. मग पोरगी झाल्यापासून पहिल्यांदा ते तिच्याशी मराठीत बोलले.

"आधी तुझ्या जन्माचं सांगत होती. तुला पहिल्यांदा अंगावर घेतलं त्या दिवसाचं. मग शाळेतलं. तू दमून यायचीस, तेव्हा तिला तुला काय काय सांगावंसं वाटायचं ते. आणि शेवटी म्हणाली, तुझ्याशी मी बोललेच नाही गं. रागावू नको, बाळ."

अक्षता उभीच होती. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"मग मला तेव्हा का नाही सांगितलं?" हे तिनं मराठीत विचारलं.

"इंग्रजीत कसं सांगावं कळेना."

"तुम्हाला?"

सरांनी धरलेला माझा हात सोडला.

"मी उत्तर दिलं असतं, डॅडी," अक्षता म्हणाली. "मी रागावले नाही एवढं तरी तुम्ही तिला तिच्या भाषेत सांगितलं असतंत. ती ऐकून गेली असती. मी तिला सांगत होते, आय ॲम फाइन, आय ॲम फाइन." एवढं बोलून ती आत गेली आणि बॅग भरायला लागली. विधी उरले होते म्हणून थांबली, पण बापाशी बोलली ती पाणी हवं का, गोळी घेतली का, एवढंच. कामापुरतं.

ती बेंगळूरला गेल्यावर सरांनी क्लास पुन्हा सुरू केला, पण पूर्वीचा जोर नव्हता. एकदा मी तिथं असताना महेश्वर नावाचा मोबाईलच्या दुकानाचा मालक आपल्या लहान पोरीला घेऊन आला. म्हणाला, "सर, घरात बी इंग्रजीच चालू केलंय आमी. आजीला बी सांगितलंय, हिच्याशी बोलू नको म्हणून. बरोबर हाय न्हवं?"

सर खुर्चीतून उठले. "आजीला आधी बोलायला लावा," म्हणाले. "इंग्रजी मी शिकवतो. ते माझं काम. पण घरातली भाषा मला शिकवता येणार नाही, ती आजीच शिकवेल. आज घरी जाऊन म्हातारीला सांगा, बोल म्हणावं."

महेश्वरला ते पटलं नाही. पोरीला तो दुसऱ्या क्लासला घेऊन गेला, तिथं घरीसुद्धा इंग्रजीच बोलायचा नियम आहे म्हणतात. सरांनी असं आणखी काही पालकांना सांगितलं. पोरं कमी होत गेली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी जागा सोडली.

अक्षताचा फोन रविवारी यायचा. तब्येत, जेवण, हवा. सगळं इंग्रजीत, सगळं व्यवस्थित. मग एका रविवारी तिनं फोन केला आणि म्हणाली, "अप्पा, ऊट आय्ता?" म्हणजे बाबा, जेवण झालं का. घरमालकिणीकडून ती कानडी शिकायला लागली होती. बापाला न सांगता शिकत होती, आणि नव्यानं शिकलेलं पहिलं वाक्य त्याला म्हणून दाखवत होती.

हे मला सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. सकाळीच घरी आले, चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले.

"काय उत्तर दिलं तुम्ही?" मी विचारलं.

"मी म्हणालो, आपल्याकडं 'आय्ता' म्हणत नाहीत. ते बेंगळूरचं. आपलं 'आतेन', असं म्हण."

"आणि ती?"

"मग म्हणाली, ओके डॅडी." सर खुर्चीत बसले. "तिनं मला अप्पा म्हटलं होतं, रामहरी सर. ते मला फोन ठेवल्यावर ऐकू आलं."

त्यांनी लगेच परत फोन लावला होता. तिनं उचलला, नीट बोलली. पण इंग्रजीत. सरांनी मुद्दाम दोन वाक्यं कानडीत टाकली, तर ती म्हणाली, डॅडी, माझं अजून कच्चं आहे, इंग्रजीतच बोलू. त्यानंतर त्यांनी बरेचदा प्रयत्न केला. दर वेळी ती हसून विषय बदलायची.

काशम्मावहिनींच्या वर्षाच्या कार्याला अक्षता आली. ईरम्माही आली होती. जंगमांची पूजा झाली, पाहुणे जेवून गेले. मी आणि सर बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आत स्वयंपाकघरात अक्षता म्हातारीजवळ बसली होती आणि दोघी कानडीत बोलत होत्या. अक्षताचं बोलणं तुटक होतं. एखादा शब्द चुकला की म्हातारी खो खो हसायची, अक्षता पण हसायची आणि पुन्हा म्हणायची. म्हातारी काशम्मावहिनींच्या लहानपणचं काहीतरी सांगत असणार, कारण मधे मधे 'काशी, काशी' ऐकू यायचं.

सर कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांना राहवलं नाही. उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. आतलं बोलणं थांबलं.

"डू यू नीड समथिंग, डॅडी?" अक्षतानं विचारलं. आवाजात राग नव्हता. पाहुण्याला विचारतात तशी विचारपूस होती.

"नो, नो. नथिंग," सर म्हणाले आणि परत येऊन बसले. मग म्हातारीनं काहीतरी विचारलं आणि अक्षता पुन्हा बोलायला लागली, आता जरा हळू.

मी म्हणालो, "चहा सांगू का आत?"

"नको," सर म्हणाले. "त्यांना बोलू दे. आपण चौकात जाऊन घेऊ."

आम्ही चपला घातल्या. उंबऱ्याशी ते थांबले, दार ओढून घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. मग आवाज न करता पुढं निघाले आणि मी त्यांच्या मागून गेलो.